फोन स्लो नक्की कोण करतं?

उन्हाळा आला की तो मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर परत फिरायला लागतो. फोन जुना झाला की कंपनी गुपचूप त्याचा स्पीड कमी करते, खालच्या लिंकवरून अमुक कूलर अ‍ॅप टाका, फोन थंड आणि फास्ट. आता कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा स्पीड ते कमी करत होते. पण घोडबंदर रोडला भर दुपारी बाइकच्या हँडलला फोन लावून ऑर्डर पोचवणाऱ्या पोराचा मॅप अडकतो तेव्हा त्यात कोणाचा डाव नसतो. वरून ऊन, आत जीपीएस, नेटवर्क, फुल्ल ब्राइटनेस, त्यात पॉवर बँक लावलेली. फोन स्वतःच स्वतःला आवरतो, आणि कसा आवरतो ते मला जाम आवडतं म्हणून हा लेख.

आधी थोडं फिजिक्स. प्रोसेसर किती वीज खातो हे ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी (सेकंदाला त्याचे किती ठोके पडतात) गुणिले व्होल्टेजचा वर्ग यावर ठरतं. फ्रिक्वेन्सी कमी केली की व्होल्टेजही कमी चालतं, म्हणून दुहेरी फायदा होतो. समजा ३ गिगाहर्ट्झवरून २ वर आलो आणि व्होल्टेज १ वरून ०.८ केलं, तर स्पीड एक तृतीयांश गेला पण वीज उरली साधारण ४३ टक्के. उष्णताही तेवढीच कमी. म्हणून गरम झालं की पहिला उपाय फ्रिक्वेन्सी खाली आणणे.

हे काम करतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अँड्रॉइडमध्ये तो लिनक्सचा असतो. कुठल्या क्षणी कुठली फ्रिक्वेन्सी हवी ते ठरवायला गव्हर्नर नावाचा भाग आहे, तो कामाचा बोजा बघतो आणि वर पंचवीस टक्के मोकळीक ठेवून आकडा निवडतो. तो विषय पुन्हा कधीतरी. माझा मुद्दा गव्हर्नरला ज्या कुंपणाच्या आत खेळावं लागतं त्याचा, म्हणजे कमाल आणि किमान लिमिटचा.

लिमिट ठेवायचं म्हणजे एक आकडा ठेवला की झालं असं वाटतं ना? तिथेच घोळ आहे, कारण लिमिट घालणारे बरेच जण असतात. तापमान बघणारा थर्मल भाग आहे, लॅपटॉपचा बायॉस आहे, म्हणजे मशीन चालू होताना आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम, एकेक हार्डवेअर सांभाळणारे ड्रायव्हर आहेत, आणि तुम्ही स्वतः आहात. आकडा एकच असेल तर थर्मलने तो खाली आणला, तेवढ्यात तुम्ही बॅटरी वाचवायला अजून खाली आणला, मग चिप थंड झाल्यावर थर्मलने 'आधीचा' आकडा परत ठेवला की तुमचं म्हणणं गेलं वाऱ्यावर. लिनक्समध्ये पूर्वी यावर उपाय असा होता की लिमिट बदलायची वेळ आली की कर्नल सगळ्यांना हाक मारायचा आणि जो तो येऊन आकडा आपापल्या परीने दाबून जायचा. चालायचं, पण कोणी किती दाबलं याचा हिशोब कुठेच नाही. २०१९ मध्ये विरेश कुमार यांनी हे बदलून टाकलं, ते कर्नलच्या या भागाचा कोड सांभाळणाऱ्यांपैकी, म्हणजे मेंटेनरांपैकी, एक आहेत.

नवीन पद्धतीत आकडा कोणीच बदलत नाही, प्रत्येक जण फक्त आपली मागणी यादीत नोंदवतो. आपल्याकडे हळदीला स्पीकर लागतो तसं समजा. कमिटी म्हणते आवाज ८ च्या वर नको, तळमजल्यावरचा बारावीचा पोरगा म्हणतो ५ च्या वर नको, तिसऱ्या मजल्यावर जिचं तान्हं बाळ आहे ती म्हणते ३. चालणार ३. पण ती बाळाला घेऊन माहेरी गेली की आवाज एकदम फुल्ल होत नाही, ५ वर येतो, कारण बारावीवाला अजून घरातच आहे. कोणाला दुसऱ्याचा आकडा माहीत असायची गरज नाही, आणि 'आधी किती होता' हा प्रश्नच येत नाही.

कर्नलमध्ये ही यादी कायम चढत्या क्रमाने लावलेली असते. कमाल लिमिटांच्या यादीत पहिला आकडा उचलायचा, किमान लिमिटांच्या यादीत शेवटचा. मागणी आली-गेली तरी हा निकाल बदलला नसेल तर पुढे कोणाला कळवतही नाहीत. आणि किमान कमालपेक्षा मोठं निघालं तर? गेम म्हणतोय २ गिगाहर्ट्झच्या खाली जाऊ नका, थर्मल म्हणतोय १.५ च्या वर जाऊ नका. अशा वेळी कमाल जिंकते. गेम अडकलेला परवडतो, चिप तापलेली नाही.

यातून एक गंमत होते. ऐरोलीच्या एका मित्राने सेकंडहँड लॅपटॉप घेतला, लिनक्स टाकलं, आणि कमाल लिमिटच्या 'स्केलिंग मॅक्स फ्रीक' नावाच्या फाइलमध्ये ३४००००० लिहिलं, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झ, तिथे हिशोब किलोहर्ट्झमध्ये चालतो. लगेच तीच फाइल वाचली तर १६०००००. परत लिहिलं, परत तेच. म्हणाला मशीन ऐकतच नाही. ऐकतं रे बाबा, लिहिताना तुझी मागणी यादीत जाते आणि वाचताना सगळ्या यादीचा निकाल दिसतो, एकाच फाइलची दोन तोंडं. त्याच्या आधी कोणीतरी १.६ मागून बसलं होतं. शोधलं तर बायॉस निघाला, चार्जर कमी वॅटचा होता म्हणून. बरोबरचा चार्जर लावल्यावर ३४००००० आपोआप दिसायला लागलं, काही न लिहिता.

आता ते कूलर अ‍ॅप. रूट न केलेल्या, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार न उघडलेल्या फोनमध्ये साध्या अ‍ॅपला या फाइलला हात लावायची परवानगीच नसते, म्हणजे बर्फाचे तुकडे पडतानाचं अ‍ॅनिमेशन हा निव्वळ तमाशा. बॅकग्राउंडचे अ‍ॅप बंद केल्याने घटकाभर फरक पडेल, मग ते परत उठतात. यूट्यूबवर ती फाइल 'रीड ओन्ली' करून लिमिट तोडायला शिकवतात, त्यानेही थर्मलची मागणी यादीतून जात नाही, कुलूप तुम्हाला लागतं, कर्नलला नाही. ठाणे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या रेडिएशन स्टिकरबद्दल तर बोलायलाच नको. फोन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो की आपल्या दमट हवेत बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं, आतही. सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जिंग थांबवा.

रीस्टार्टने मात्र कधीकधी खरंच फरक पडतो, आणि त्याचं एक कारण याच यादीत आहे. एखादा ड्रायव्हर मागणी नोंदवून ती मागे घ्यायला विसरला तर ती तशीच पडून राहते आणि थंड फोनही रांगतो. यादी मेमरीत असते, त्यामुळे फोन बंद करून चालू केला की सगळ्यांना आपापली मागणी नव्याने नोंदवावी लागते.