जे बसवलंच नाही, त्याचा पुरावा: १९७३ च्या हलक्या कॅरेरा आरएसचा शोध

पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ एकूण १,५८० बनल्या. त्यात सगळ्या सुखसोयींच्या टूरिंग १,३०८, हलक्या स्पोर्ट २००, शर्यतीच्या आरएसआर ५५ आणि मूळ प्रमाणन रूपातच, म्हणजे शर्यतीची मान्यता घेण्यासाठी जोडलेल्या रूपातच, राहिलेल्या १७. संग्राहक ज्या गाडीमागे धावतात ती म्हणजे त्या दोनशेंपैकी एक. कारखान्याच्या भाषेत ‘एम ४७१’, बाजारात ‘लाइटवेट’.

या शोधातली अडचण जरा विचित्र आहे. इतर दुर्मीळ गाड्यांमध्ये खरेपणा एखाद्या जास्तीच्या वस्तूत असतो, म्हणजे वेगळं इंजिन, वेगळा गिअरबॉक्स किंवा फक्त मोजक्या गाड्यांना दिलेलं छप्पर. इथे उलट आहे. घड्याळ नाही, मागची सीट नाही, गालिचा नाही, हात टेकायला दारावर काही नाही. आणि काढून टाकणं हे बसवण्यापेक्षा केव्हाही सोपं. टूरिंगचं सामान उतरवायला पाना आणि एक रविवार पुरतो. त्यामुळे ही गाडी शोधायची तर ती अशी का घडली, हे आधी माहीत असावं लागतं.

१९७१ चा मोसम संपला आणि पोर्शेच्या ९१७ या पाच लिटर इंजिनाच्या शर्यती गाडीला जागतिक अजिंक्यपदाची दारं बंद झाली. नव्या नियमांत मर्यादा तीन लिटरची होती. त्याच सुमारास एर्न्स्ट फुर्मान पोर्शेत परतले आणि १९७२ मध्ये कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली. पन्नासच्या दशकातलं चार कॅमशाफ्टचं शर्यती इंजिन त्यांचंच. त्यांचा हिशेब सरळ होता: वेगळी शर्यती गाडी बांधण्यापेक्षा रस्त्यावरच्या ९११ ला जिंकण्याजोगं करा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाची अट किमान ५०० गाड्या बनवून विकण्याची होती. शिवाय शर्यतीतलं किमान वजन या रस्त्यावरच्या गाडीच्या वजनावर ठरणार होतं. म्हणजे विकायच्या गाडीतून जेवढे किलो उतरतील तेवढे ट्रॅकवर कामी येणार. आरएसचा हलकेपणा जन्मला तो या कागदी गरजेतून. ग्राहकाची आवड त्यात कुठेच नव्हती.

विक्री विभागाला तर पाचशे गाड्या खपतील याचीच खात्री नव्हती. ५ ऑक्टोबर १९७२ रोजी पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी दाखवली आणि नोव्हेंबरअखेर पाचशेच्या पाचशे संपल्या. जुलै १९७३ पर्यंत आकडा तिपटीवर गेला. ‘कॅरेरा’ हे नाव मेक्सिकोतल्या ‘कॅरेरा पानामेरिकाना’ शर्यतीतून पूर्वीच घेतलेलं होतं; ‘आरएस’ म्हणजे ‘रेनश्पोर्ट’, शर्यतीचा खेळ.

वजनाचं गणित सांभाळायला कारखान्याने जी पद्धत लावली, तीच आज शोधणाऱ्याला गोंधळात टाकते. गाड्या आधी सगळ्यात हलक्या, प्रमाणनाच्या रूपात जोडायच्या, त्यांचं वजन अधिकृतपणे नोंदवायचं आणि मग ग्राहकाने मागितलेलं सामान चढवायला परत आणायच्या. मूळ किंमत ३४,००० मार्क. स्पोर्ट संच हवा तर वर ७०० मार्क. टूरिंगचा संच, एम ४७२, याहून बराच महाग होता, कारण त्यात ९११ एस या नेहमीच्या मॉडेलचं आतलं सगळं सुख परत येत होतं. बहुतेकांनी तेच घेतलं. रोज चालवायच्या गाडीत कोणाला रबरी पायपुसणी हवी होती? म्हणजे स्पोर्ट दुर्मीळ झाली ती कारखान्याने संख्या बांधून दिली म्हणून नव्हे, लोकांनी मागितली नाही म्हणून.

आता मुद्द्याचं. स्पोर्ट आणि टूरिंग एकाच रांगेत, सरमिसळ बनल्या. चेसिस नंबर सगळ्यांचा ९११ ३६० ने सुरू होतो आणि पुढे चार आकडे. यातला ३ म्हणजे मॉडेल वर्ष १९७३, ६ म्हणजे कॅरेरा आरएस, ० म्हणजे कूपे, बंद छपराची गाडी. त्या वर्षाच्या ९११ ईच्या नंबरात ६ च्या जागी २ असतो आणि ९११ एसच्या नंबरात ३. त्यामुळे साध्या एसला बदकशेपटी (आरएसचा मागचा स्पॉयलर) लावून उभी केलेली गाडी नंबरावरूनच उघडी पडते. मात्र खऱ्या टूरिंगची ‘स्पोर्ट’ केली असेल तर चेसिस नंबर काहीच बोलत नाही. तो दोघींचा सारखाच असतो. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते: कारखान्याच्या नोंदीत त्या नंबरापुढे एम ४७१ आहे की एम ४७२. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स पुरत नाही. नोंदीची खातरजमा पोर्शेमार्फत स्वतंत्रपणे करून घ्यावी, आणि तीही बयाणा देण्याआधी.

पंच केलेला नंबर पुढच्या डिकीत असतो (इंजिन मागे, सामान पुढे, ही ९११ ची जुनी खोड). गालिचा उचलून इंधनटाकीजवळचा पत्रा पाहायचा. आकड्यांची उंची, खोली आणि मधलं अंतर एकसारखं हवं. भोवतीचा पत्रा आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा गुळगुळीत असेल, कडेने वेल्डिंगची रेघ दिसत असेल किंवा तेवढ्याच भागावर रंग जाड असेल, तर नंबराचा तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असू शकतो. ॲल्युमिनियमची पट्टी रिवेटने बसवलेली असते. ती बदलणं हातचा मळ आहे. तिच्यावर विसंबू नये.

इंजिनाचा नंबर पंख्याच्या आधारापाशी, क्रँककेसवर उभा पंच केलेला असतो आणि तो ६६३ ने सुरू व्हायला हवा, प्रकार ९११/८३. इथे एक सापळा आहे. हेच ९११/८३ इंजिन युरोपात विकलेल्या १९७४ आणि १९७५ च्या कॅरेरा २.७ मध्येही होतं. त्यांचे नंबर ६६४ आणि ६६५ ने सुरू होतात. शर्यतीत इंजिन फुटलं की पुढच्या वर्षीचं आणून बसवायचं, हे त्या काळी सर्रास चाले. असं इंजिन यंत्र म्हणून अस्सलच, पण गाडी ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे मूळ इंजिनाचीच, राहत नाही आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा. क्रँककेस बदलून जुनाच आकडा नव्याने पंच केला असेल तर ते जास्त वाईट. गिअरबॉक्स ९१५/०८; त्याचाही नंबर नोंदीशी ताडून पाहावा.

या इंजिनाची घडण समजली की दोषही समजतात. आधीचं २.४ म्हणजे २,३४१ घनसेंमीचं इंजिन, सिलिंडरचा व्यास ८४ मिमी. स्ट्रोक ७०.४ मिमीच ठेवून व्यास ९० मिमीवर नेला आणि २,६८७ घनसेंमी मिळाले. जुन्या सिलिंडरांत आत बिडाची नळी आणि बाहेर ॲल्युमिनियमचे पंखे होते. तेवढ्याच जागेत ९० मिमीचं भोक पाडायला भिंत उरत नव्हती. म्हणून ९१७ च्या कामातून आलेला निकसिल, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा, थेट ॲल्युमिनियमवर चढवला. ताकद ६,३०० फेऱ्यांना २१० अश्वशक्ती, टॉर्क ५,१०० फेऱ्यांना २५५ न्यूटन-मीटर.

सिलिंडर सुधारले, पण क्रँककेस मॅग्नेशियमचंच राहिलं. साच्यावर ‘७आर’ अशी खूण असलेलं मजबूत केस वापरलं, तरी मॅग्नेशियम मऊच. सिलिंडर आणि हेड धरून ठेवणारे २४ स्टड तापण्या-निवण्याच्या चक्रात हळूहळू आटे ओढून वर येतात. मग हेडचा दाब सुटतो, सिलिंडरच्या बुडाशी तेल झिरपतं, थंड इंजिनातून फट-फट असा आवाज येतो. उपाय म्हणजे इंजिन पूर्ण उघडून २४ ही जागी पोलादी आट्याच्या बुश बसवणं आणि केसचे सपाट पृष्ठभाग व मुख्य बेअरिंगची रेषा मोजून घेणं. फक्त ओढले गेलेले दोन-तीन स्टड दुरुस्त केले तर शेजारचे पुढच्या उन्हाळ्यात वर येतात. विक्रेता ‘इंजिन नुकतंच केलंय’ म्हणाला, तर या बुश बसवल्या का, हा पहिला प्रश्न.

इंधनासाठी बॉशचा सहा प्लंजरांचा यांत्रिक पंप आहे. डाव्या कॅमशाफ्टवरून दातेरी पट्ट्याने तो फिरतो. आत एक त्रिमितीय कॅम असतो, जो वेग आणि थ्रॉटल दोन्ही पाहून पेट्रोलचं माप ठरवतो. २.७ साठी हा कॅम वेगळा घासलेला आहे. एसचा पंप बाहेरून सारखा दिसतो, बसतोही, पण मधल्या वेगात मिश्रण चुकतं. पंप झिजला की पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरतं. म्हणून तेलाची काडी काढून वास घ्यायचा, आणि तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर हात आखडता घ्यायचा. मिश्रण बिघडलं म्हणून लगेच पंपाचे स्क्रू फिरवू नयेत. आधी कॉम्प्रेशन, वॉल्व्हचं अंतर, प्रज्वलन, मग थ्रॉटलचे दांडे आणि कोन, आणि सगळ्यात शेवटी पंप. हा क्रम उलटा केल्याने बिघडलेले पंप दुरुस्तीवाल्यांकडे ढिगाने येतात.

बॉडीकडे वळलं की ‘नसलेल्या’ गोष्टींचा हिशेब सुरू होतो. स्पोर्टचं रिकामं वजन ९६० किलो, टूरिंगपेक्षा ११५ किलो कमी. सुरुवातीच्या गाड्यांना काही भागांत पातळ पत्रा होता. काचा बेल्जियमच्या ग्लाव्हरबेलच्या, नेहमीपेक्षा पातळ. मूळ काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचावी. अशी काच फुटली की बहुतेक मालक साधी जाड काच बसवत, त्यामुळे एखादी काच बदललेली असली म्हणून गाडी खोटी ठरत नाही. पुढचा बंपर दोन्ही प्रकारांत फायबरचा, मागचा मात्र स्पोर्टमध्येच फायबरचा. टूरिंगला मागे पत्र्याचा. स्पोर्टमध्ये बॅटरी एक, टूरिंगमध्ये पुढे दोन्ही बाजूंना एकेक. दार ओढायला चामड्याचा पट्टा, डॅशबोर्डवर घड्याळाच्या जागी झाकण, आणि सुरुवातीला तर बॉनेटवरचं पोर्शेचं चिन्हही धातूचं नाही, स्टिकरचं. काही ग्रॅमसाठी! ‘ऑटो मोटोर उंट श्पोर्ट’ या जर्मन नियतकालिकाच्या चाचणीत या रूपाने ० ते १०० किमी ५.८ सेकंदांत गाठले, कमाल वेग २४५ किमी.

यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आज नवी विकत मिळते. म्हणून वस्तू पाहण्यापेक्षा तिच्या मागचा पत्रा पाहावा: टूरिंगच्या सामानासाठी पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोकं, आवाजरोधक थर खरवडल्याचे ओरखडे, गोंदाचे पट्टे, दुसऱ्या बॅटरीच्या तारा कापून टेप गुंडाळलेलं टोक. आणि गाडी सरळ वजनकाट्यावर न्यावी. १,०३० किलो भरणारी ‘स्पोर्ट’ काहीतरी लपवते आहे. कधी टूरिंगपण, कधी नुसती पुट्टी आणि जाड पत्र्याची ठिगळं.

मागची मडगार्ड ४२ मिमीने रुंद केलेली, कारण चाकं पुढे ६ इंच आणि मागे ७ इंच रुंद, टायर १८५/७० आणि २१५/६०, सगळी १५ इंची. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या रुंदीतला हा फरक त्या काळी नवा होता. अस्सल मडगार्ड एकसंध ठोकलेलं असतं. अरुंद मडगार्ड कापून रुंदावलेलं असेल तर चाक काढून आतून हात फिरवला की वेल्डिंगचा ओरखडा लागतो. फुक्सच्या घडीव चाकांवर मागच्या बाजूला तारीख असते. गाडी फेब्रुवारीची आणि चाकं दोन वर्षांनंतरची असतील तर का, ते विचारावं.

मागची ‘ब्युर्त्सेल’, म्हणजे बदकशेपटी, दिसायला सजावट वाटते. तिचं काम वेगात मागचं टोक उचलू न देणं आणि इंजिनाला हवा पुरवणं. स्पोर्टवर ती पूर्ण फायबरच्या झाकणासह येते, रबरी पट्ट्यांनी बांधलेली. पुढे-मागे दोन्हीकडे स्पॉयलर घेऊन विक्रीला आलेली ही पहिली मालिका गाडी. तिच्याशी जुळणारे सस्पेन्शनचे अँटीरोल बार पुढे १८ आणि मागे १९ मिमीचे, शॉकॲब्सॉर्बर बिलश्टाइनचे.

गंज ही वेगळीच कथा. पूर्ण बॉडीला जस्ताचा मुलामा ९११ ला नंतरच्या वर्षांत आला. १९७३ च्या गाड्यांचा बराचसा पत्रा उघडाच. बॅटरीखालचा पुढचा तळ आम्लाने खाल्लेला, मागच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) नळीची टोकं, दाराखालचे खोकीवजा भाग, काचेची चौकट: ही चार ठिकाणं आधी पाहावीत. त्यातही टॉर्शन बारपाशी ठिगळ असेल तर चाकांची भूमिती मोजल्याशिवाय सौदा करू नये. पातळ पत्र्यात गंज लवकर आरपार जातो. मग दुरुस्तीत जाड पत्रा बसतो, आणि गाडी हलकी असल्याचा पुरावाच दुरुस्तीत निघून जातो.

दोनशेंतल्या कितीतरी गाड्या पहिल्याच वर्षापासून डोंगरी चढाया, रॅली आणि ट्रॅकवर झिजल्या. आरएसआरने १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि तार्गा फ्लोरिओ जिंकल्यावर अनेक मालकांनी रस्त्यावरच्या गाडीलाही रुंद चाकं आणि आत संरक्षक पिंजरा लावला. अमेरिकेच्या धूरनियमांत आरएस बसत नसल्याने तिथे ती अधिकृतपणे विकलीच गेली नाही. तिथे आढळणारी प्रत्येक गाडी पुढे कधीतरी आलेली, म्हणून मधल्या आयात-कागदांची साखळी तपासावी; साखळीत दहा वर्षांचं भगदाड असेल तर त्याच काळात रूपांतर झालेलं असण्याची शक्यता धरावी.

रंग शेवटी पाहावा, कारण तो सगळ्यात आधी भुरळ घालतो. ग्रां प्री पांढरा, संकेत ९०८, आणि बाजूला लाल, निळी किंवा हिरवी ‘कॅरेरा’ अक्षरं, चाकांचे मध्यभाग त्याच रंगाचे: बनावट गाड्या याच रूपात सर्वाधिक दिसतात. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ११७ असेल तर गाडी मुळात फिक्या पिवळ्या रंगाची. ती आज पांढरी असेल, तर रंग कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलला हे कागदावर मागावं. आणि डॅशबोर्डखालच्या, दाराच्या कातडीमागच्या पत्र्यावर मूळ रंग अजून टिकून आहे का, ते टॉर्च लावून स्वतः बघावं.