गेवांटहाउस वाद्यवृंद, लाइपसिक

जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या लाइपसिक शहराचा, सिंफनी (अनेक वाद्यांसाठीची प्रदीर्घ रचना) वाजविणारा वाद्यवृंद. राजदरबाराच्या आश्रयाविना, नागरिकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वाद्यवृंदांत तो जगात सर्वांत जुना मानला जातो.

त्याच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. काहीजण त्याचे मूळ १४७९ मध्ये शहराने चाकरीस ठेवलेल्या नगरवादकांत शोधतात. टेलेमान या जर्मन संगीतकाराने १७०२ च्या सुमारास स्थापन केलेल्या आणि पुढे काही वर्षे बाख या थोर संगीतकाराने चालविलेल्या संगीतमंडळाचाही दाखला दिला जातो. मात्र त्या मंडळात मुख्यतः विद्यार्थी होते. वाद्यवृंदाचा जन्म १७४३ चा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी सोळा प्रतिष्ठितांनी, त्यांत व्यापारीही होते, सोळा वादक घेऊन ‘महा-संगीतसभा’ सुरू केली. या सभा पुढे ‘तीन हंस’ नावाच्या खाणावळीत होत. नगरवादकांपैकी काहीजण या सभांत वाजवीत असल्याने दोन्ही परंपरांचा धागा जुळतो, पण संस्था म्हणून सातत्य १७४३ पासूनच दिसते.

१७८१ मध्ये कापडव्यापाऱ्यांच्या वखारीत, म्हणजे गेवांटहाउसमध्ये, सभागृह बांधले गेले व तेच नाव वाद्यवृंदाला चिकटले. ‘खरा आनंद ही गंभीर बाब आहे’ या अर्थाचे रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचे लॅटिन वचन तेथे कोरले होते. ते आजही संस्थेचे ब्रीद आहे.

१८३५ मध्ये संगीतकार मेंडेल्सझोन यांनी वाद्यवृंदाच्या संचालनाची सूत्रे घेतली. विस्मृतीत गेलेल्या जुन्या रचना त्यांनी नियमित कार्यक्रमांत आणल्या; संगीतकार शूबर्टची ‘महान’ सी मेजर सिंफनी २१ मार्च १८३९ रोजी येथेच त्यांच्या संचालनाखाली प्रथम वाजली. आजच्या सिंफनी सभेला हे वळण त्यांनीच दिले, असे म्हणण्यास बराच आधार आहे. संगीतकार ब्राम्सच्या व्हायोलिन कंचेर्टोचा (एकल व्हायोलिन व वाद्यवृंदासाठीची रचना) पहिला प्रयोगही येथलाच (१८७९).

पुढील संचालकांत निकिश, फुर्टव्हेंगलर, ब्रूनो वॉल्टर हे प्रमुख. ज्यू असल्यामुळे वॉल्टर यांना १९३३ मध्ये नाझींनी संचालनास मनाई केली. जन्माने ज्यू असलेल्या मेंडेल्सझोनचा सभागृहासमोरचा पुतळाही १९३६ मध्ये हटविण्यात आला. १८८४ चे दुसरे सभागृह दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत नष्ट झाले, तिसरे १९८१ मध्ये उघडले. त्यासाठी झटलेले वाद्यवृंद-संचालक कुर्ट माझूर हे पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लाइपसिकमध्ये झालेल्या ९ ऑक्टोबर १९८९ च्या विराट निदर्शनावेळी शांततेचे आवाहन करणाऱ्या सहाजणांपैकी एक होते. शहरातील ध्वनिक्षेपकांवरून ऐकू आला तो त्यांचाच आवाज.

स्वतःच्या सभांखेरीज हा वाद्यवृंद लाइपसिकच्या ऑपेरागृहात ऑपेरांना आणि संत थॉमस चर्चमध्ये बालगायकवृंदासोबत बाखच्या कँटाटांना (चर्चसाठीच्या गायनरचना) साथ करतो. २०१८ पासून आंद्रिस नेल्सन्स मुख्य संचालक आहेत.