प्लाझ्मा कुठला, रक्तातला की सूर्यातला?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. १९२० च्या दशकात तिथे अर्व्हिंग लँगम्यूर काचेच्या नळीत पाऱ्याची विरळ वाफ भरायचे, तिच्यातून वीज सोडायचे आणि आत नेमकं काय चालतं ते मोजायचे. कंपनीला रस होता दिव्यांमध्ये. लँगम्यूरना त्या उजेडाच्या पोटात काय आहे यात.

एक दिवस ते लुई टाँक्स या सहकाऱ्याच्या खोलीत आले. नळीच्या भिंतीलगत आणि विजेच्या टोकांजवळ इलेक्ट्रॉन फार कमी असलेला एक पातळ थर असतो. त्याला ते ‘म्यान’ म्हणत, आणि ते नाव बसतही होतं. पण मधला मोठा भाग, जिथे धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांना बरोबर फेडून टाकतात, त्याला काय म्हणायचं? टाँक्स म्हणाले, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी लँगम्यूरच उत्तर घेऊन हजर : प्लाझ्मा. टाँक्सनी ही आठवण सुमारे चाळीस वर्षांनी लिहून ठेवली आहे. तो शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे रक्त आलं, असंही त्यात आहे. १९२८ मध्ये लँगम्यूर यांच्या लेखात हे नाव छापून आलं.

रक्तच का? हॅरोल्ड मॉट-स्मिथ या दुसऱ्या सहकाऱ्याने १९७१ मध्ये त्याचं कारण सांगितलं. रक्तातला प्लाझ्मा तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि जंतू वाहून नेतो, तसं हे नळीतलं माध्यम वेगवान इलेक्ट्रॉन, आयन (म्हणजे विद्युतभार असलेले अणू) आणि वायूतली अशुद्ध द्रव्यं वाहून नेतं, असं लँगम्यूरना वाटलं होतं. भौतिकी आणि रसायनशास्त्राच्या लोकांनी या गावंढळ शब्दाकडे बराच काळ नाक मुरडून पाहिलं, हेही मॉट-स्मिथ नोंदवतात. लँगम्यूर १९५७ मध्ये वारले. त्यानंतर मात्र जो तो प्लाझ्माबद्दल बोलू लागला.

तो शब्द तोवर जीवशास्त्रात चांगला मुरलेला होता. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ घडवणं, आकार देणं. प्लॅस्टर आणि प्लॅस्टिक त्याच घरातले. १८३९ मध्ये यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने भ्रूणातल्या सजीव द्रव्याला ‘प्रोटोप्लाझ्म’ म्हटलं. म्हणजे आधी घडलेलं, ज्यातून पुढचं सगळं घडतं ते. १८४६ मध्ये ह्यूगो फॉन मोल यांनी वनस्पतींच्या पेशीतल्या चिकट द्रव्याला तेच नाव दिलं. रक्तातल्या पातळ भागाला प्लाझ्मा म्हणणंही त्याच शतकातलं. घडणं, आकार वगैरे अर्थ हळूहळू गळून गेला आणि उरलं ते एवढंच : जिवंत वस्तूमधलं काहीतरी पातळ, बुळबुळीत.

हिवतापाच्या परजीवीला प्लाझ्मोडियम हे नाव मिळालं तेही या बुळबुळीतपणामुळे. तो रक्तात सापडतो म्हणून रक्ताच्या प्लाझ्मावरून नाव पडलं असेल असं कुणालाही वाटावं. पण नावाचा रस्ता वेगळा आहे. ‘प्लाझ्मोडियम’ हा शब्द आधी एका प्रकारच्या बुरशीसदृश जिवांच्या सरपटणाऱ्या गोळ्यासाठी वापरात होता. १८८५ मध्ये मार्कियाफावा आणि चेल्ली या इटालियन डॉक्टरांना तांबड्या पेशीतला परजीवी तसाच आकार बदलत सरपटताना दिसला, आणि त्यांनी ते नाव इकडे आणलं.

आता लँगम्यूर यांच्या उपमेकडे जरा चिकित्सकपणे पाहू. रक्तपेढीत गेलात तर रक्ताची पिशवी यंत्रात गरागरा फिरवलेली दिसेल. पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळा द्रव राहतो. रक्ताच्या आकारमानात तो सुमारे ५५ टक्के असतो, आणि त्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. तो वेगळ्या पिशवीत काढून उणे ३० अंश किंवा त्याहून थंड ठेवला की झालं एफएफपी, म्हणजे फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा. डेंग्यूच्या दिवसांत रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडी प्लेटलेटच्या जोडीने हा शब्द असतोच. मुद्दा असा की पेशी काढून घेतल्या तरी प्लाझ्मा शिल्लक राहतो. वाहणारा वेगळा, वाहिलेला माल वेगळा. लँगम्यूर यांच्या नळीत अशी फोड करताच येत नाही. आयन आणि इलेक्ट्रॉन काढून घेतले तर मागे पाऱ्याची साधी वाफ उरते, प्लाझ्मा नाही. तिथे मालच वाहक आहे. उपमा म्हणून पाहिलं तर ही लंगडीच.

गंमत पुढे आहे. या दोन प्लाझ्मांमध्ये एक खरं नातं होतं, पण ते या उपमेत नव्हतं.

१९२३ मध्ये पीटर डेबाय आणि एरिख ह्यूकेल यांनी पाण्यात विरघळलेल्या मिठाचा हिशेब मांडला. मिठाचे धन आणि ऋण आयन पाण्यात मोकळे फिरत असतात. त्यात एखादा धनभार ठेवला की ऋण आयन त्याच्याभोवती जमतात आणि बाहेरच्यांपासून त्याला झाकून टाकतात. लग्नाच्या हॉलमध्ये एखादा नट आला की त्याच्याभोवती कोंडाळं पडतं आणि दहा हातांवर जेवायला बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, तसं. किती अंतरावर भाराचा प्रभाव पुसला जातो ते आयनांच्या दाटीवर आणि तापमानावर ठरतं. त्या अंतराला डेबाय लांबी म्हणतात.

हाच हिशेब आयनीभूत वायूलाही लागू पडतो. इतका, की भौतिकीत प्लाझ्मा कशाला म्हणायचं याची पहिली कसोटीच ही आहे : वायूचा पसारा डेबाय लांबीपेक्षा खूप मोठा हवा, आणि त्या लांबीच्या गोलात पुष्कळ कण हवेत. तसं असेल तरच तो वायू आतून विद्युतभाररहित वागतो आणि भार उघडे पडतात ते फक्त कडेला, लँगम्यूर यांच्या त्या म्यानात. आपलं रक्त खारट आहे. त्यातल्या आयनांसाठी ही लांबी एका नॅनोमीटरच्या आतबाहेर येते. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, ती मिलिमीटर ते सेंटिमीटर असते. सूर्याकडून येणाऱ्या सौरवाऱ्यात पृथ्वीजवळ सुमारे दहा मीटर. गणिताच्या गाभ्यात कल्पना एकच. लँगम्यूर यांनी रक्ताचं नाव उचललं ते पेशींकडे बघून. त्यांनी मिठाकडे बघायला हवं होतं, असं माझं मत.

शब्द नसला म्हणून वस्तू अडून राहत नाही. विल्यम क्रूक्स यांनी १८७९ मध्येच विरळ वायूच्या नळीतल्या या प्रकाराला पदार्थाची चौथी अवस्था म्हटलं होतं. त्यांनी ठेवलेलं ‘तेजोमय पदार्थ’ अशा अर्थाचं नाव मात्र टिकलं नाही. आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्ये, म्हणजे प्लाझ्मा हे नाव पडण्याच्या आठ वर्षं आधी, ठरावीक तापमानाला आणि दाबाला वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील याचं सूत्र दिलं. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचं तापमान ओळखण्याची वाट त्यामुळे खुली झाली. आज प्लाझ्माच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत साहा समीकरण सुरुवातीलाच येतं.

या नव्या अर्थाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे : प्लाझ्मा म्हणजे भयंकर तापलेलं काहीतरी. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटिंगची टॉर्च लोखंडी पत्रा लोण्यासारखा कापते, तिथे ते खरंही आहे; त्या ज्वाळेचं तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं. पण जुनी ट्यूबलाइट घ्या. तिच्या आतही प्लाझ्माच असतो आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा हजार अंशांच्या वर असतं. तरी नळीला हात लावला तर ती जेमतेम कोमट लागते. इलेक्ट्रॉन फार हलके असल्यामुळे जड अणूंवर आदळून ते त्यांना फारशी ऊर्जा देऊ शकत नाहीत, आणि आतला वायूही अतिशय विरळ. एकाच नळीत एकाच वेळी दोन तापमानं सुखाने नांदतात. ‘तापमान’ या शब्दावरही असाच वेगळा लेख होईल, पण तो विषय आज नको.

झाकण्याचं ते गणित हाती आल्यावर शब्दाला पाय फुटले. धातूमध्ये धन आयन जागच्या जागी असतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे. हे इलेक्ट्रॉन सगळे मिळून झोका घेतल्यासारखे मागेपुढे होऊ शकतात. टाँक्स आणि लँगम्यूरनी नळीत पाहिलेल्या आंदोलनांचाच हा प्रकार. डेव्हिड पाइन्स यांनी १९५६ मध्ये या आंदोलनाच्या ऊर्जेच्या एका पुडक्याला (क्वांटमला) प्लाझ्मॉन म्हटलं. म्हणजे घन धातूच्या आतही प्लाझ्मा आला, तोही ना गरम, ना वायुरूप.

त्याहून लांबची उडी अणुकेंद्राच्या आत. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या कणांचे बनलेले असतात, आणि ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात. अतिप्रचंड तापमानाला हे बंध सुटून क्वार्क आणि ग्लुऑनांची मोकळी खिचडी होते. एडवर्ड शुर्याक यांनी १९७८ मध्ये तिला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हटलं. कारण तेच : क्वार्कांवर ‘रंग’ नावाचा एक वेगळ्या जातीचा भार असतो आणि या खिचडीत तो झाकला जातो. अमेरिकेत ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रांची टक्कर घडवून ती तयार केली गेली. तापमान सुमारे चार लाख कोटी अंश. वायूसारखं काहीतरी मिळेल अशी अपेक्षा होती. २००५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हा पदार्थ वायूसारखा नाही, जवळपास चिकटपणा नसलेल्या द्रवासारखा वाहतो. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरने बांधलेला एक शोधक या प्रयोगांत होता.

इथे मराठी परिभाषेची पंचाईत होते. विश्वकोशात भौतिकीतल्या प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ असा नेटका शब्द आहे, आणि रक्तातल्याला ‘रक्तद्रव’. दोन गोष्टींना दोन नावं. गोंधळाला जागाच नाही. पण आयनांचा द्रायू, म्हणजे द्रव किंवा वायूसारखा वाहणारा पदार्थ, म्हटलं की धातू बाहेर पडतो, कारण तिथे आयन वाहत नाहीत. क्वार्कांच्या खिचडीत तर आयनच नाहीत. नेटका शब्द व्याख्येला घट्ट चिकटून बसतो. ‘प्लाझ्मा’ला आमच्याकडे मूळ अर्थच ठाऊक नसल्यामुळे तो कुठेही खपतो.

करोनाच्या काळात त्याला आणखी एक अर्थ चिकटला. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘प्लॅटिना’ नावाचा प्लाझ्मा उपचारांचा मोठा प्रकल्प सुरू केला आणि प्लाझ्मा म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगातलं औषध, असं समीकरण लोकांच्या मनात बसलं. व्हॉट्सॲपवर प्लाझ्मादात्यांसाठीचे निरोप फिरत होते ते याच अर्थाने. आशा होती ती त्यातल्या प्रतिपिंडांकडून. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या ४६४ रुग्णांवरच्या चाचणीत या उपचाराने मृत्यू किंवा आजाराची तीव्रता कमी झालेली दिसली नाही, आणि मे २०२१ मध्ये तो राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला.

या सगळ्या फांद्या एकत्र बघायच्या असतील तर गडचिरोलीत आशाताईंच्या पिशवीत असलेली हिवतापाची झटपट चाचणीची पट्टी बघावी. बोट स्पिरिटने पुसायचं, टोचायचं, रक्ताचा छोटासा थेंब पट्टीच्या खाचेत सोडायचा, दुसऱ्या खाचेत बाटलीतल्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. द्रावणाने तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातला माल आणि रक्तातला प्लाझ्मा मिळून कागदासारख्या पडद्यावरून पुढे सरकतात. प्लाझ्मोडियमची प्रथिनं त्यात असतील तर ती सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना बांधलेल्या प्रतिपिंडांना चिकटतात आणि पुढे आखलेल्या रेषेवर अडकतात. ‘सी’ची, म्हणजे पट्टी नीट चालते की नाही ते दाखवणारी, रेषा प्रत्येक वेळी उमटायलाच हवी, नाहीतर पट्टी बाद. तिच्या शेजारी दुसरी उमटली तर हिवताप. रेषा लालसर दिसते. सोनं पिवळं असून ती लाल का? नॅनोमीटरांत मोजायच्या सोन्याच्या कणात इलेक्ट्रॉनांचा झोका हिरव्या प्रकाशाशी जुळतो, हिरवा शोषला जातो आणि लाल उरतो. हा झोका म्हणजे प्लाझ्मॉन. बोटभर पट्टीवर रक्ताचा प्लाझ्मा, प्लाझ्मोडियम आणि प्लाझ्मॉन, तिघंही हजर. एकमेकांशी नात्याने म्हणाल तर फक्त नावापुरते.

मोठ्या रुग्णालयात तर हे रोजचंच. निर्जंतुकीकरण विभागात हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ भरून तिचा प्लाझ्मा करणारं यंत्र असतं. ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची वाफ न सोसणारी नाजूक उपकरणं ते पन्नासेक अंशांतच निर्जंतुक करतं. एन्डोस्कोपीच्या खोलीत आणखी एक यंत्र : दुर्बिणीच्या नळीतून आर्गॉन वायू सोडतात, उच्च वारंवारतेच्या विजेने त्याचा प्लाझ्मा करतात आणि पोटातल्या रक्तस्रावाच्या जागेला स्पर्शही न करता तिचा वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर गोठवतात. याला म्हणतात एपीसी, म्हणजे आर्गॉन प्लाझ्मा कोॲग्युलेशन. लँगम्यूर यांचा प्लाझ्मा इथे रक्तातल्या प्लाझ्माला थिजवतो. यकृत बिघडलेल्या रुग्णाच्या पोटात असा रक्तस्राव झाला, तर एकाच दिवशी त्याच्या केसपेपरवर ‘एपीसी केलं’ आणि खाली ‘एफएफपी दोन पिशव्या’ अशा दोन नोंदी होऊ शकतात. दोन्हींतला ‘पी’ प्लाझ्माचाच. एक एन्डोस्कोपीच्या बिलात लागतो, दुसरा रक्तपेढीच्या.