रात्रीची धाप: किती वाजता, आणि काय केल्यावर थांबली?

झोपेतून दचकून जाग येते. श्वास पुरत नाही, छातीत धडधड चाललेली असते, उठून गॅलरीत जाऊन उभं राहावंसं वाटतं. सकाळी मात्र सगळं ठीक असतं. दिवसा काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, "गॅस झाला असेल", नाहीतर "तू टेन्शन फार घेतेस". हा शिक्का फार लवकर मारला जातो, आणि बायकांच्या बाबतीत तर जास्तच लवकर. त्याआधी दोन प्रश्न नीट विचारायला हवेत. जाग किती वाजता आली? आणि काय केल्यावर बरं वाटलं?

इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावचा जॉन फ्लॉयर हा वैद्य स्वतः दम्याचा रोगी होता. 1698 साली त्याने दम्यावर ग्रंथ लिहिला आणि आपले झटके रात्री झोपेतच येतात हे नोंदवून ठेवलं. पुढे नाडी मोजण्यासाठी त्याने बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ वापरात आणलं. श्वास आणि नाडी दोन्ही घड्याळाशी ताडून पाहण्याची त्याची सवय आजही उपयोगी आहे.

धडधड सुरू झाली म्हणजे हृदयच बिघडलं, असं नसतं. कुठल्याही कारणाने श्वास अडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रं खडबडून जागी होतात, अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि नाडी शंभरच्या वर जाते. म्हणजे धडधड बहुतेक कारणांत सारखीच असते. फरक कळतो तो वेळेवरून आणि कशाने उतार पडला यावरून.

झोपून एक ते तीन तास झाले की जाग येते आणि पाय खाली सोडून बसलं की पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू उतार पडतो, अशी तक्रार असेल तर आधी हृदयाचा विचार करावा. आपण आडवे झालो की पायांकडचं पाव ते अर्धा लिटर रक्त छातीकडे सरकतं. दिवसभर पायांत उतरलेली सूजही रात्री रक्तात परत शोषली जाते. निरोगी हृदय हा जादा भार सहज पुढे ढकलतं. कमकुवत हृदयाला ते जमत नाही. मग फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपू लागतं. म्हणूनच डॉक्टर विचारतात, "किती उशा घेऊन झोपता?" एका उशीवर झोपणारा माणूस काही महिन्यांत तीन उशांवर आला किंवा खुर्चीत बसून झोपू लागला, तर ती गोष्ट कुठल्याही रिपोर्टइतकीच महत्त्वाची.

आपल्याकडे याचं एक कारण तरुण वयातही दिसतं. लहानपणी घसा दुखून ताप येतो, त्यातून संधिवाताचा ताप उद्भवतो आणि पुढे काही वर्षांनी हृदयाची डावीकडची मायट्रल झडप अरुंद होते. या झडपेचं तोंड एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या खाली आलं की आजार गंभीर समजतात. नाडी सत्तरची असताना वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरायला दर ठोक्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. नाडी एकशेवीसवर गेली की जेमतेम पाव सेकंद उरतो. अरुंद दारातून तेवढ्या वेळात रक्त उतरत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबतं. इथे धडधडच धाप लावते. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे तोवर लपून राहिलेला हा आजार तेव्हाच पहिल्यांदा उघड होतो. काही जणींच्या हृदयाचा स्नायू प्रसूतीच्या सुमारास नव्यानेच कमकुवत होतो. गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई म्हणाली की आडवं पडवत नाही, रात्री गुदमरून उठते, तर "या दिवसांत दम लागतोच" म्हणून सोडून देऊ नका. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

जाग गुदमरूनच येते, पण जाग आल्यावर काही क्षणांत श्वास मोकळा होतो, असं असेल तर घोरणं आठवावं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते. श्वास दहा सेकंद, कधी त्याहून बराच जास्त वेळ थांबतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तेवढ्यात नाडी मंदावते आणि मेंदू जागा होताच उसळी घेते. रात्रीतून असं अनेकदा होतं, पण झोपणाऱ्याला त्यातलं एखादंच आठवतं. वारंवार लघवीला उठणं, सकाळी डोकं दुखणं, दुपारी बसल्याजागी डुलकी लागणं हे सोबतीला असतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांवर केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात टक्के पुरुषांना हा विकार आढळला. जाड माणसांनाच होतो असंही नाही. जबडा लहान असेल तर सडपातळ माणसालाही होतो, आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. नवरा किंवा बायको झोपेत असताना मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. खात्री झोपेच्या तपासणीने होते. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे आणलं. आजही मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपचार तोच आहे.

पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान खोकला आणि छातीत सूं-सूं आवाज येत असेल तर दमा. त्या वेळी श्वासनलिका दिवसातल्या सगळ्यात अरुंद असतात. पावसाळ्यात ओलसर राहिलेली गादी आणि बंद खोलीत जळणारी डासांची कॉइल त्यात भर घालतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. लहान मूल झोपतं त्या खोलीत तरी ती लावू नये, असं मी कळकळीने सांगेन.

बाकीची कारणं साध्या तपासण्यांत सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की नाडी जोरात चालते, आणि रात्रीच्या शांततेत ती कानात ऐकू येते. थायरॉईड वाढला तरी तेच. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेणारा माणूस घामाने भिजून उठला तर त्याची साखर त्याच क्षणी तपासा. उशिरा जेवून लगेच आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येऊनही ठसका लागतो. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल आणि नाडी दीडशेच्या पुढे जात असेल, तर हृदयाच्या लयीत दोष असू शकतो. तेव्हा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं ईसीजी यंत्र, लावून चोवीस तासांची नोंद घेतात.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ओठ निळे पडणं, गुलाबी फेसाळ थुंकी पडणं किंवा एकच पाय सुजून धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

हे सगळं तपासून झाल्यावर मग पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका. तो झोपेतही येतो, बहुधा रात्रीच्या पहिल्या तीन तासांत, आणि स्वप्न पडत नसलेल्या झोपेत. म्हणजे वाईट स्वप्नामुळे तो आला असं सहसा नसतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी 1993 साली मांडलं होतं की काही माणसांच्या मेंदूतली गुदमरल्याची सूचना देणारी यंत्रणा फार हळवी असते, आणि हवा पुरेशी असतानाही ती सुरू होते. हे सगळ्याच रुग्णांना लागू पडत नाही. पण कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिली की पॅनिकच्या अनेक रुग्णांना झटका येतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे धाप खरी असते, धडधडही खरी असते. आणि वर्तनोपचार व गरज पडल्यास औषधं, यांनी बहुतेकांना चांगला गुण येतो.