लेडेकीची शर्यत स्वतःच्याच लाटेशी

३ मे २०२५ रोजी अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलच्या तलावात अमेरिकी जलतरणपटू केटी लेडेकीने ८०० मीटर फ्रीस्टाइल ८ मिनिटं ४.१२ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम मोडला. आधीचा विक्रमही तिचाच होता, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधला, ८ मिनिटं ४.७९ सेकंदांचा. एकोणिसाव्या वर्षी केलेला विक्रम तिने अठ्ठाविसाव्या वर्षी मोडला, आणि सुधारणा किती, तर ०.६७ सेकंद. बातम्यांमध्ये नेहमीप्रमाणे ‘जलपरी’ अवतरली, ‘माशासारखी पोहते’ हेही आलंच. जलपरीचं एक वेळ सोडून देऊ, पण मासा मात्र चुकलाच. मासा जे सहसा टाळतो, नेमकं तेच लेडेकीला पंधरा-पंधरा मिनिटं करावं लागतं: पाणी आणि हवा यांच्या सीमेवर पोहणं. पोहायला याहून महाग जागा दुसरी नाही.

पाण्यात पुढे सरकणाऱ्या शरीराला तीन प्रकारचा रोध होतो. त्वचेला घासून जाणाऱ्या पाण्याचा घर्षणरोध हा पहिला. दुसरा आकाराचा रोध: पुढे दाब जास्त, मागे भोवऱ्यांमुळे कमी, म्हणून शरीर मागे खेचलं जातं. हे दोन्ही माशालाही चुकत नाहीत. तिसरा रोध लाटांचा. तो पृष्ठभागावर पोहणाऱ्याच्याच वाट्याला येतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

डोकं आणि खांदे पाणी ढकलत पुढे जातात तेव्हा समोरच्या पाण्यावरचा दाब वाढतो. खोल पाण्यात असतो, तर ते पाणी बाजूने वळून निघून गेलं असतं. पृष्ठभागावर मात्र त्याला वर जायला मोकळी जागा असते, म्हणून ते उचललं जातं. उचललेलं पाणी म्हणजे लाट, आणि लाट म्हणजे वाहून चाललेली ऊर्जा. ती ऊर्जा पोहणाऱ्याच्या स्नायूंनीच पुरवलेली असते. तलावाच्या कडेवर आपटणारं पाणी प्रेक्षकांना जोशाचं लक्षण वाटतं. हिशेबाच्या वहीत ती निव्वळ गळती असते.

आता थोडं गणित. खोल पाण्यावरच्या लाटांचा एक नियम आहे: लाट जितकी लांब, तितकी ती वेगाने जाते. पोहणाऱ्याने उठवलेली लाट त्याच्याबरोबरच चालते, म्हणजे तिचा वेग पोहणाऱ्याइतकाच असतो. साहजिकच आपण वेग वाढवला की आपली लाटही लांबत जाते. मीटर आणि सेकंद ही एककं घेतली तर दोन शिखरांमधलं अंतर साधारण ०.६४ गुणिले वेगाचा वर्ग इतकं येतं. (हा ०.६४ म्हणजे २π भागिले गुरुत्वत्वरण.) सेकंदाला १ मीटर वेगाने पोहणाऱ्याची लाट ६४ सेंटिमीटरची. त्याच्या अंगाखाली अशी दोन-तीन शिखरं मावतात आणि शरीर आडवं तरंगत राहतं. वेग वाढत गेला की एक क्षण असा येतो, की पहिलं शिखर डोक्याशी आणि दुसरं थेट पायांशी असतं. त्याहून पुढे गेलात तर दुसरं शिखर पायांच्या मागे सरकतं, पाय खळग्यात उतरतात आणि अंग तिरकं होतं. मग पोहणारा स्वतःच उभा केलेला चढ चढत राहतो, आणि चढ काही संपत नाही, कारण तो त्याच्याबरोबरच पुढे सरकत असतो. विल्यम फ्रूड या ब्रिटिश अभियंत्याने १८७०च्या दशकात टाकीमध्ये जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून लाटांच्या या रोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. लांब जहाज आखूड जहाजापेक्षा सहज वेग का घेतं, याचं उत्तर त्यात आहे.

लेडेकीची उंची १.८३ मीटर. तिच्या ८०० मीटरच्या विक्रमाचा सरासरी वेग सेकंदाला १.६५ मीटर येतो, त्या वेगाची लाट १.७५ मीटरची, म्हणजे तिच्यापेक्षा जराशी आखूड. १५०० मीटरच्या तिच्या विक्रमात (२०१८, १५ मिनिटं २०.४८ सेकंद) वेग १.६३, लाट १.७० मीटर. रिओमध्ये ४०० मीटर तिने ३ मिनिटं ५६.४६ सेकंदांत मारलं, वेग १.६९ आणि लाट बरोब्बर १.८३. तिथल्याच २०० मीटरमध्ये वेग १.७६ आणि लाट १.९८, म्हणजे तिच्याहून लांब.

हे आकडे पाहून मला हर्ष झाला असला, तरी त्यावर इमारत बांधू नये. सरासरीत सुरुवातीची उडी आणि भिंतीवरून घेतलेले टर्न मिसळलेले आहेत. शिवाय माणूस म्हणजे लाकडी होडी नव्हे, तो वाकतो, वळतो, हात पुढे ताणतो. ताणलेला हात पाण्यावरची लांबी वाढवतो. म्हणून तर प्रशिक्षक काठावरून ‘हात लांब टाका’ म्हणून ओरडत असतात. लेडेकीचा स्ट्रोक काहीसा घोड्याच्या चौफेर दौडीसारखा, दोन्ही बाजूंना असमान दिसतो: एक हात पुढे ताणलेला राहतो, त्यावर ती क्षणभर सरकते आणि मग दुसरा झपकन येतो. टर्ननंतर सगळेच जण पाण्याखालून लाथा मारत जातात ते याच कारणाने. खाली लाटांचा खर्च नसतो. नियम आड आला नसता तर काहींनी जवळपास सगळी शर्यत बुडून काढली असती. फ्रीस्टाइलमध्ये १५ मीटरपर्यंत डोकं वर यावंच लागतं.

२०२० साली लेडेकीची एक चित्रफीत सगळीकडे फिरली. डोक्यावर चॉकलेट दुधाचा ग्लास ठेवून ती तलावाची अख्खी लांबी फ्रीस्टाइल पोहते आणि शेवटी तेच दूध पिते. जाहिरात दुधाची होती, त्यामुळे दुधाने काय होतं ते बाजूला ठेवू. पाहायचा तो ग्लास. खांदे आणि कंबर लांबीच्या अक्षाभोवती या कुशीवरून त्या कुशीवर फिरताहेत, हात चक्रासारखे चालले आहेत, आणि श्वासासाठी न वळणारं डोकं मधे खिळ्यासारखं स्थिर. ग्लास कलंडत नाही याचा अर्थ डोकं डुलत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेगाला धक्के बसत नाहीत.

धक्के इतके महाग का? रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. समजा एक जण एकसारख्या वेगाने पोहला, आणि दुसरा अर्धा वेळ १० टक्के जास्त आणि अर्धा वेळ १० टक्के कमी वेगाने. सरासरी वेग दोघांचा तोच. पण १.१ चा घन १.३३१ आणि ०.९ चा घन ०.७२९, दोहोंची सरासरी १.०३. म्हणजे दुसऱ्याने तेवढ्याच वेळासाठी ३ टक्के जास्त शक्ती ओतली. ३ टक्के शक्तीत १ टक्का वेग मिळतो, आणि ८०० मीटरला १ टक्का म्हणजे जवळपास ५ सेकंद! नऊ वर्षांत मिळवलेल्या ०.६७ सेकंदांशेजारी हे ५ सेकंद ठेवून पाहा. ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ असण्याचं मोठं कारणही हेच: त्यात प्रत्येक आवर्तनात वेग पडतो आणि पुन्हा उचलावा लागतो.

रिओमध्येच अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या पाठीवरची गोल जांभळी वर्तुळं गाजली होती. पेले लावून त्वचा ओढली की खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्याचे ते डाग. त्याने वेग वाढतो याला भरवशाचा पुरावा नाही. पोहण्याच्या पोशाखाचं मात्र तसं नव्हतं. पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी शरीर आवळून गुळगुळीत केलं, थोडं वर उचललं, आणि २००९च्या रोम विश्वस्पर्धेत ४३ जागतिक विक्रम पडले. १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. त्याच रोममधला फेडेरिका पेलेग्रिनीचा ४०० मीटरचा विक्रम लेडेकीने २०१४ मध्ये साध्या कापडी पोशाखात मोडला.

आणखी एक जुना समज, लांब पल्ला बायकांना झेपत नाही हा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर शर्यत १९०८ पासून आहे. महिलांची पहिल्यांदा झाली ती टोकियोत, २०२१ साली. ती लेडेकीनेच जिंकली. भौतिकशास्त्र तर या समजाच्या उलट बोलतं. फुप्फुसं छातीत असल्यामुळे पाण्याचा वरचा रेटा छातीकडे केंद्रित होतो, गुरुत्वमध्य मात्र कमरेकडे. या जोडीमुळे पाय खाली बुडू लागतात आणि ते वर ठेवायला लाथा माराव्या लागतात. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायूही मोठाच खातात. स्त्रियांमध्ये पाय बुडवणारं हे आघूर्ण (फिरवणारा जोर) सरासरीने कमी असतं, त्यामुळे त्याच वेगाला त्यांचा ऊर्जाखर्च कमी होतो.

आता लेडेकीची कारकीर्द या चष्म्यातून पाहा. २०१२ मध्ये लंडनला पंधराव्या वर्षी ८०० मीटरचं सुवर्ण. २०१५च्या कझान विश्वस्पर्धेत २००, ४००, ८०० आणि १५०० अशी चारही सुवर्णं. रिओत २००, ४००, ८००. टोकियोत २०० मध्ये पाचवी, ४०० मध्ये एरियार्न टिटमसच्या मागे दुसरी. पॅरिसमध्ये वैयक्तिक २०० नाहीच, ४०० ला कांस्य. ८०० चं सुवर्ण मात्र चारही ऑलिंपिकमध्ये तिचंच, आणि १५०० झाली त्या दोन्ही वेळा तेही. एकूण ९ सुवर्णांसह १४ पदकं. लाट अंगापेक्षा लांब होते त्या बाजूच्या शर्यती एकेक करून हातातून गेल्या, चढाच्या अलीकडच्या राहिल्या. चढाच्या पलीकडे लागतो तो निव्वळ जोर, आणि तो वयानुसार आधी ओसरतो. चढाच्या अलीकडे चालते ती काटकसर. हा माझा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. प्रतिस्पर्धी सुधारल्या हे कारणही तितकंच खरं.

तरी २०२५च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरच्या विश्वस्पर्धेत या तर्काची एक छोटी परीक्षा झाली. ८०० मीटरच्या अंतिम फेरीत तिच्याबरोबर कॅनडाची अठरा वर्षांची समर मॅकिंटॉश होती, जिने जूनमध्येच ४०० मीटरचा जागतिक विक्रम ३ मिनिटं ५४.१८ सेकंदांवर नेला होता. लेडेकीने ८:०५.६२ मध्ये सुवर्ण घेतलं, ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर ८:०५.९८ मध्ये दुसरी आली आणि मॅकिंटॉश ८:०७.२९ मध्ये तिसरी.