जीनच्या पोटात जीन, आणि फेकलेल्या तुकड्याची गोष्ट

टी-सेल म्हणजे इन्फेक्शनशी लढणारी एक पांढरी पेशी, तिच्या अंगावर जो रिसेप्टर असतो ना, ज्याने ती व्हायरस-बिरस ओळखते, तो दोन साखळ्यांचा असतो, एकतर अल्फा-बीटा किंवा गॅमा-डेल्टा. १९८४ मध्ये टोरांटोत टाक माक यांच्या टीमला माणसाच्या बीटा साखळीचं जीन सापडलं, त्याच वेळी अमेरिकेत मार्क डेव्हिस यांच्या टीमला उंदराचं. मग बाकीची जीन्स कुठल्या क्रोमोसोमवर बसलीयेत ते शोधताना एक भारी गोष्ट कळली. बीटा आणि गॅमा ७ नंबरवर, पण एकमेकांपासून लांब. अल्फा १४ नंबरवर, डीएनएच्या साधारण १० लाख अक्षरांच्या पट्ट्यात, आणि डेल्टा? डेल्टा चक्क अल्फाच्या पोटात!

मला आधी वाटलं असेल काहीतरी योगायोग. पण नाही, ही जागाच सगळा कारभार ठरवते.

कसं ते बघा. अल्फा हे एकसंध जीन नाहीये, एका टोकाला ‘व्ही’ (V) नावाचे पन्नासेक तुकडे, दुसऱ्या टोकाला ‘जे’ (J) नावाचे साठेक तुकडे, आणि थायमसमध्ये (छातीतली ग्रंथी, जिथे टी-सेल्स तयार होतात) वाढणारी प्रत्येक सेल त्यातला एक व्ही आणि एक जे उचलून जोडते, मधलं सगळं कापून टाकते. कात्री म्हणजे रॅग नावाची प्रोटीन्स. आता मधे काय होतं? डेल्टा! म्हणजे अल्फा जोडलं की डेल्टा गेलं, कायमचं, त्याला चालू करणाऱ्या स्विचसकट. सेलने नंतर विचार बदलायचा म्हटलं तरी जमणार नाही.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी डेल्टाचा स्विच (एन्हान्सर म्हणतात त्याला) जागा होतो, बीटा-गॅमा-डेल्टाची (तीही अशीच तुकड्यांची) जोडणी आधी सुरू होते, अल्फाचा एन्हान्सर पार पट्ट्याच्या शेवटी बसलेला, तो उशिरा उठतो. उलटं झालं असतं तर गॅमा-डेल्टा सेल्सना चान्सच मिळाला नसता.

कापलेला तुकडा गोल होऊन सेलमध्येच पडून राहतो, त्याला ट्रेक म्हणतात. त्याची कॉपी होत नाही, सेल दुभागली की तो दोघींपैकी एकीकडेच जातो, म्हणून ताज्या, थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या सेल्समध्येच तो भरपूर सापडतो. हा कचरा कुणीतरी मोजायला घेतला हे मला सगळ्यात आवडलेलं आहे! बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातले ट्रेक मोजायचे, जवळजवळ नसतीलच तर टी-सेल्स बनतच नाहीयेत अशी शंका, म्हणजे कदाचित सिड, तो जन्मजात गंभीर इम्युनिटीचा आजार. २००८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने सगळ्या नवजात बाळांसाठी ही टेस्ट सुरू केली.

फक्त एक लक्षात ठेवा, गोल तुकडा दिसला म्हणजे कापाकापी झाली एवढंच कळतं. झॅप-७० नावाचं, रिसेप्टरचा सिग्नल आत पोचवणारं प्रोटीन बिघडलेलं असेल तर ट्रेकचा आकडा नॉर्मल येऊ शकतो आणि सेल्स मात्र काम करत नसतात.