बेघर निवारा : शासन व दाते यांचे सहकार्य

शहरातील बेघरांना राहण्याची जागा आणि तेथून ओळखपत्र, उपचार व रोजगारापर्यंतची वाट उपलब्ध करून देणारी व्यवस्था. २०११ च्या जनगणनेने पदपथ, उड्डाणपूल, मोठे पाइप, देवळे व रेल्वे फलाट येथे राहणाऱ्यांना बेघर मानले. देशात त्यांची संख्या सुमारे १७.७ लाख भरली. पुण्यात ते मुख्यतः रेल्वे स्थानक, स्वारगेट आणि पुलांखाली दिसतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतर आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, वर्षभर चोवीस तास खुला निवारा हा निकष आला. महापालिका हद्दीची २०११ ची ३१ लाख लोकसंख्या धरल्यास पुण्याला अशा सुमारे ३१ निवाऱ्यांची गरज ठरते. जागा व अनुदान शासनाकडून येते, तर दैनंदिन संचालन स्वयंसेवी संस्थेकडे सोपवता येते.

दात्यांच्या पैशाचे खरे महत्त्व येथे आहे. थंडीत घोंगड्या वाटण्यास दाते सहज मिळतात. परंतु आजारी माणसासोबत ससून या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहणारा, आधार कार्डासाठी आठवडेच्या आठवडे पाठपुरावा करणारा कार्यकर्ता किंवा भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम यांसाठी अनुदानाच्या ठरलेल्या शीर्षांत क्वचितच जागा असते, आणि निवाऱ्यातून माणूस कायमचा बाहेर पडतो तो बहुधा याच खर्चावर. कागदपत्रांची अडचण तर दानधर्माच्या व्यवस्थेतही आडवी येते : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी राखायच्या असतात, मात्र निर्धन असल्याचे दाखवायला शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा दाखला लागतो, जो पत्ताच नसलेल्या माणसाकडे सहसा नसतो. निवाऱ्याचा पत्ता ग्राह्य धरला गेल्यास हा पेच बराचसा सुटतो. हे काम मात्र शासनाचेच आहे.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार पात्र कंपन्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्रिया, अनाथ व ज्येष्ठ यांच्या निवासाचा स्पष्ट उल्लेख आहे, बेघरांचा नाही. त्यामुळे एकट्या प्रौढ पुरुषासाठीचा खर्च दारिद्र्य निर्मूलनाच्या सर्वसाधारण कलमाखाली बसवावा लागतो. देणगी एका वर्षाची आणि पुनर्वसन अनेक वर्षांचे असल्याने महापालिका, संस्था व दाता यांच्यात बहुवार्षिक त्रिपक्षीय करार अधिक उपयुक्त ठरतो. त्यात अनुदान रखडल्यास वीजबिल व पगार कोणी भरायचे, हे आधीच लिहून घेणे इष्ट; अन्यथा दात्याची रक्कम शासनाची थकबाकी झाकण्यातच खर्ची पडते.